नीलकमलचे स्थायी प्रतिनिधी

देश आपला माणूस युनोत कसा पाठवतो, हे खारघरच्या आमच्या सेक्टरात शेंबड्या पोराला विचारलंत तरी तो घडाघडा सांगेल. इतर ठिकाणी लोकांना रेशनकार्डावर सुनेचं नाव कसं चढवायचं ते ठाऊक नसतं. आमच्याकडे राष्ट्रप्रमुखाने अधिकारपत्रावर सही शाईच्या पेनने करावी की बॉलपेनने, यावर दोन सख्खे शेजारी बोलेनासे झालेले आहेत.

याचं सगळं श्रेय भगवानराव खरातांना. भगवानरावांनी मुंबईत कुठल्याशा देशाच्या वकिलातीत जन्मभर फायली सांभाळल्या. निवृत्त होऊन इथं आले आणि सेक्टरातल्या सगळ्या सोसायट्यांचा मिळून एक महासंघ आहे, त्याचे सरचिटणीस झाले. हा महासंघ म्हणजे पाणी कमी आलं, कचऱ्याची गाडी आली नाही, बागेत कोणी कुत्री सोडली, असल्या गाऱ्हाण्यांसाठी. भगवानरावांनी त्याची घटना थेट युनोच्या धर्तीवर लिहून काढली. प्रत्येक सोसायटी हा एक देश. चेअरमन राष्ट्रप्रमुख. देशाने एक स्थायी प्रतिनिधी नेमायचा, राष्ट्रप्रमुखाने त्याला सहीशिक्क्याचं अधिकारपत्र द्यायचं, ते त्याने सरचिटणीसांच्या हातात नेऊन द्यायचं, आणि मगच खुर्चीत बसायचं. लोक पोट धरून हसले. पण फुकटात राबणारा दुसरा सरचिटणीस कुठून आणायचा? घटना मंजूर झाली, आणि तेव्हापासून महासंघाला सगळे युनोच म्हणतात.

या युनोत नीलकमल सोसायटीची खुर्ची कायम रिकामी असायची. तर एका रविवारी सकाळी नीलकमलचा चेअरमन राजवर्धन पेढ्याचा बॉक्स घेऊन तिसऱ्या मजल्यावर हौसेराव निकमांच्या दारात उभा राहिला.

"काका, कमिटीने एकमताने ठरवलंय. युनोत आपले परमनंट रिप्रेझेंटेटिव्ह तुम्ही."

हौसेराव मूळचे सातारा जिल्ह्यातले. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. आयुष्यात एकमताने त्यांना कुणी कधी साधा चहा पाजला नव्हता. ते गडबडले. राजवर्धनला खुर्ची दिली, स्वयंपाकघराकडे तोंड करून "अगं, दोन चहा टाक" म्हणाले, आणि मग स्वतःच उठून आत गेले. राजवर्धनने मोबाईलमध्ये डोकं घातलं. अशा वेळी माणसाने काय करायचं असतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

वेणूबाई होत्या तोवर हौसेराव सोसायटीच्या सभेत कधी चकार शब्द बोलले नव्हते. बोलायचं काम बाईंचं. बाई नवी मुंबईतल्या एका शाळेत शिकवायच्या. आवाज असा की खाली वॉचमनला हाक मारली तर पलीकडच्या सोसायटीचा वॉचमन उठून उभा राहायचा. हौसेराव शेजारी बसून नुसती मान हलवायचे. मग गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता बाई आजारी पडल्या, आणि दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरले नव्हते तेवढ्यात गेल्यासुद्धा. आणि हौसेरावांना कंठ फुटला. पंपाचा आवाज होतो. लिफ्टचं दार नीट लागत नाही. कबुतरं डक्टमध्ये घरटी करतात. रोज संध्याकाळी, घर खायला उठायच्या वेळेला, ते खाली सोसायटीच्या ऑफिसात यायचे आणि पंपापासून सुरुवात करायचे. वार्षिक सभेत तर त्यांनी एकट्या पंपावर एवढा वेळ घेतला की मागवलेले समोसे गार होऊन परत गरम करून पुन्हा गार झाले. खजिनदार त्यांना बघून जिन्याने पळायचा. राजवर्धन तर गाडीतच बसून राहायचा, काका वर गेले की उतरायचा. हे हौसेरावांना दिसत होतं की नाही कोण जाणे. दिसलं असतं तरी ते थांबले असते असं मला वाटत नाही.

त्याच दुपारी हौसेराव भगवानरावांना भेटायला गेले, पद्धत समजून घ्यायला.

"निकमसाहेब, एक लक्षात घ्या," भगवानराव चष्मा पुसत म्हणाले. "एखाद्या देशात राजदूत पाठवायचा तर आधी त्या देशाची संमती विचारावी लागते. ते नको म्हणू शकतात. युनोत तसं नाही. तिथं कोणाला पाठवायचं हे सर्वस्वी पाठवणाऱ्या देशाच्या मर्जीवर. आम्ही नको म्हणूच शकत नाही."

हौसेरावांना हा मोठाच मान वाटला. घरी येताना ते बागेला उगाच एक फेरी मारून आले.

बातमी मजल्यावर पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या मालतीबाई डब्यात थालीपीठं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, कोट घालूनच जा हं. साध्या शर्टात गेलात तर तुम्हाला लाईट बिल भरायला आलेले समजतील." कोट उत्कर्षाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, लग्नातला. कपाटातून काढला तर डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की जिन्यातलं मांजर दोन मजले खाली गेलं. तळमजल्यावरचा अंकुश, घरं भाड्याने लावून देणारा, तो सल्ला द्यायला स्वतःहून वर आला. "काका, पहिल्याच मीटिंगला पाण्याचा विषय काढू नका. पाण्यावर सगळेच बोलतात. तुमी एकदम पार्किंग टाका. राडा झाला पाहिजे." हौसेरावांनी आरशासमोर उभं राहून भाषणाची तालीम सुरू केली. सुरुवात "सन्माननीय सरचिटणीस आणि माझ्या बंधुराष्ट्रांनो" अशी होती आणि दुसऱ्या वाक्यात ते पंपावर यायचे. अंकुशच्या सल्ल्याचा त्यांच्यावर एवढाच परिणाम झाला.

अधिकारपत्र तयार झालं. राजवर्धनने सही केली, गोल शिक्का उलटा उमटला, पुन्हा मारला, तो पहिल्या शिक्क्यावर बसला. तरी भगवानरावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, उभं राहून वाचलं आणि म्हणाले, "उत्तम. आता नागरिकत्वाचा पुरावा."

"म्हणजे?"

"प्रतिनिधी त्या देशाचा नागरिक पाहिजे. म्हणजे सोसायटीचा सदस्य. शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स द्या, झालं काम."

हौसेरावांनी झेरॉक्स आणून दिली. भगवानरावांनी ती पाहिली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली. सर्टिफिकेटवर नाव होतं वेणूबाई हौसेराव निकम. फक्त तेवढंच. कारखान्यातली नोकरी कंत्राटाची, तिच्यावर बँक दारात उभं करीना. बाईंची शाळेतली नोकरी पक्की, म्हणून कर्ज बाईंचं आणि घरही बाईंचं. बाई हप्ते फेडता फेडता चेष्टेने म्हणायच्या, "नीट वागा, नाहीतर घराबाहेर काढीन."

"निकमसाहेब," भगवानराव हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही इथले रहिवासी आहात. नागरिक नाही."

इतकी वर्षं ज्या देशात आपण भाजी आणली, गणपती बसवला, मुलीचं लग्न केलं, बायकोला खांदा दिला, त्या देशाचे आपण कुणीच नाही, हे माणसाला वयाच्या सत्तरीत कळावं! हौसेरावांचं तोंड पडलं. अंकुशने मात्र लगेच तोडगा काढला.

"सिंपल आहे काका. टेन्शन नाय घ्यायचं. काकूंचं नाव उतरवायचं, तुमचं चढवायचं. आपण रोज करतो हे काम."

उतरवायचं हा शब्द त्यांना फार लागला. खरं तर हे काम त्यांनी वर्षभर टाळलं होतं. सोसायटीचं बिल अजून बाईंच्या नावाने यायचं. खाली लॉबीत सदस्यांच्या नावांचा बोर्ड होता, त्यावर ३०२ पुढे बाईंचंच नाव होतं. येता-जाता हौसेराव त्या नावाकडे एकदा बघत, आणि मग लिफ्टचं बटण दाबत. कुणी विचारलं असतं तर त्यांनी लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे ते बघत होतो असं सांगितलं असतं.

पण मानाचं पद दारात येऊन उभं होतं. बाई असत्या तर त्यांनी धक्का मारून पाठवलं असतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि पुण्याला उत्कर्षाला फोन केला. वारस म्हणून तिची संमती लागणार होती.

"बाबा, आईचं नाव काढायचं?" ती म्हणाली.

"अगं, कागदावरचं. कागदावरचं फक्त."

"हं. पाठवा, सही करते."

मग जे सुरू झालं ते सांगायला नको. मृत्यूच्या दाखल्यावर बाईंचं नाव वेणू, सर्टिफिकेटवर वेणूबाई. दोन्ही बाई एकच, याचं प्रतिज्ञापत्र. नोटरीने ते करून दिलं, पण त्यात हौसेरावांनाच मयत करून टाकलं. दुरुस्ती करायला परत गेले तर नोटरी म्हणाला, "तुम्ही हयात असल्याचा पुरावा आणा." हौसेराव त्याच्यासमोर उभे राहून खोकले. तो पुरावा चालला नाही. शेवटी सगळे कागद गोळा करून ते सोसायटीच्या ऑफिसात सोनमसमोर बसले. सोनम ही ऑफिसचं काम बघणारी मुलगी, चांगल्या स्वभावाची. तिचा काही दोष नाही.

"काका, अर्जावर मेंबरची सही लागेल."

"मेंबर गेली, म्हणून तर अर्ज आहे ना बाळ."

"हो काका, पण सॉफ्टवेअर सहीशिवाय अर्ज घेतच नाही."

"कुठून आणू?" हौसेराव म्हणाले. हे ते रागाने म्हणाले नव्हते. खरोखरच विचारल्यासारखं म्हणाले, आणि सोनमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सहीच्या चौकोनात सॉफ्टवेअरला चालेल असं काहीतरी वेडंवाकडं ओढलं आणि अर्ज आत सरकवला.

त्यावर राहिली हरकतीची नोटीस. सदस्य मयत झाल्यास सोसायटी पेपरात छापते: अमुक यांच्या समभागांवर कोणाचा हक्क, हितसंबंध वा हरकत असल्यास मुदतीत कळवावे. हौसेरावांनी तो पेपर विकत घेतला. पाचव्या पानावर, वधू-वर आणि मूळव्याधीच्या जाहिरातींच्या मध्ये, चौकटीत बाईंचं नाव. हौसेरावांनी ती चौकट दोनदा वाचली. हरकत घ्यायची तर तिनेच घ्यायला हवी होती, आणि ती असती तर घेतल्याशिवाय राहिली नसती.

मुदत अजून चालूच होती, युनोची सभा जवळ आली होती, आणि तेवढ्यात सोसायटीची रंगरंगोटी निघाली. एका संध्याकाळी हौसेराव भाजीची पिशवी घेऊन लॉबीत शिरले तर पेंटर शिडीवर. बोर्डावरचं ३०१ जागेवर होतं. ३०३ जागेवर होतं. मधे ओल्या फडक्याचा डाग.

"अहो, हे काय केलंत?"

"चेअरमनसाहेब बोलले, तीनशे दोन पुसून टाक."

"मग नवीन नाव?"

"ते नंतर. ऑफिसातून लिहून येईल तेव्हा टाकणार. अजून काय पास नाय झालं, बोलले."

म्हणजे बाई गेल्या होत्या आणि हौसेराव आले नव्हते. घरात दिवे लागत होते, गॅस पेटत होता, पण बोर्डाच्या हिशेबाने तीनशे दोनमध्ये कुणीच राहत नव्हतं. हौसेरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजवर्धनला जाब विचारायला ते ऑफिसकडे वळले. दार अर्धवट उघडं होतं आणि आत राजवर्धन फोनवर होता.

"अरे, एकदा काका युनोत बसले ना, की आपली जनरल बॉडी तासाभरात आटपते बघ. तिकडे बोलू दे किती बोलायचं ते. भगवानराव नको म्हणूच शकत नाहीत, रूलच आहे तसा. म्हणून तर नाव पटकन काढायला सांगितलं, काका मध्येच बदलले तर काय करणार?"

हौसेराव आत गेले नाहीत. जिन्याने वर आले. लिफ्ट चालू होती तरी जिन्याने. घरात येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि ओट्यालाच टेकून उभे राहिले. देश नको असलेल्या माणसाला मानाने बाहेर कसा पाठवतो, ते त्यांना आता नीट समजलं होतं. त्याचंही एवढं दुःख नव्हतं हो. माणसं कंटाळतात. पण या फालतू मानासाठी आपण तिचं नाव स्वतःच्या हाताने अर्ज करून पुसून घेतलं, हे त्यांना सहन होईना. एरवी असं काही झालं की ते वेणूबाईंना सांगत, आणि बाई दोन्ही बाजूंना शिव्या घालून मोकळं करत. आता सांगायचं कुणाला? उत्कर्षाला फोन लावला आणि "तुझ्या आईचं नाव गेलं गं" एवढंच कसंबसं म्हणाले.

"बाबा, तुम्ही इकडे या काही दिवस. उद्याच या."

"उद्या कसं जमेल? रविवारी युनो आहे."

तोंडातून निघून गेलं खरं. मग त्यांचं त्यांनाच कळेना की आपण असं का म्हणालो. राजीनामा लिहायला बसले, पण राजीनामा द्यायला आधी नेमणूक पक्की व्हावी लागते, आणि नेमणूक पक्की व्हायला नागरिकत्व. शिवाय रविवारची संध्याकाळ घरात बसून काढायची कशी, हाही प्रश्न होताच. शेवटी त्यांनी कोट घातला.

युनो भरते बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीवर देशाचं नाव खडूने लिहिलेलं. भगवानरावांनी दारातच कागद तपासले. "नागरिकत्व प्रलंबित. हरकतीची मुदत बाकी. हरकत नाही, म्हणजे हरकत नाही असं नाही, पण घटनेत सोय आहे. पडताळणी समितीचा निर्णय होईपर्यंत प्रतिनिधीने तात्पुरतं बसावं. सर्व अधिकारांसह."

"समिती कधी बसते?"

"समितीतले दोघं वारले," भगवानराव म्हणाले. "तुम्ही बसा."

हौसेरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि एकेक ओळखू यायला लागला. कुणी वाढदिवसाचे फुगे फोडले तरी पोलिसांना फोन करणारे ते हे. ज्यांना बघून आख्खी सोसायटी गच्चीवरून कपडे काढून घेते त्या या. पार्किंगच्या रेघा फूटपट्टीने मोजणारे कर्नल म्हणवणारे गृहस्थ, जे कधी सैन्यात नव्हते. सगळ्या सेक्टरातल्या सगळ्या देशांनी आपापली डोकेदुखी सहीशिक्क्यानिशी इथं आणून बसवली होती. प्रत्येकजण उठून, हौसेराव पंपावर बोलत तेवढाच वेळ बोलत होता, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि भगवानराव सगळ्यांचं आदराने लिहून घेत होते.

"नीलकमल!" पुकारा झाला.

हौसेराव उठले. "सन्माननीय सरचिटणीस आणि माझ्या बंधुराष्ट्रांनो, आमच्या सोसायटीचा पंप..." पुढचं वाक्य तोंडपाठ होतं, आणि ते येईना. पुन्हा "आमचा पंप" म्हणाले आणि थांबले.

शेजारच्या खुर्चीतल्या म्हातारीने त्यांच्या कोटाचं टोक धरून खाली ओढलं. केशरबाई त्यांचं नाव. सेक्टर उठला त्या जमिनीत त्यांची भातशेती होती. आता पाचव्या मजल्यावर राहतात आणि शेजारच्या देशाच्या प्रतिनिधी आहेत.

"बसा वाईच. पंपाचं ऱ्हाऊ द्या. तुमचा कोन गेला?"

"म्हणजे?"

"यां जो येतो त्याचा कोनतरी गेलेला हाय. माजा दादला गेला नि मी टाकीच्या पान्यावरशी भांडाय लागले. त्यो कर्नल, त्याचा पोर गेला. तुमचा कोन?"

हौसेरावांनी तोंड उघडलं. वर्षभर ते रोज बोलत होते. पंपावर, लिफ्टवर, कबुतरांवर बोलत होते. पण हे एक वाक्य त्यांनी अजून कुणालाच म्हटलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्यामुळे कुणाला सांगावंच लागलं नव्हतं.

"माझी बायको गेली," ते म्हणाले, आणि भर सभेत, कोटात, त्यांना हुंदका फुटला.

भगवानरावांनी पेन खाली ठेवलं. फुगेवाल्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. केशरबाई काही समजूत वगैरे घालायला गेल्या नाहीत.

"मंग सांगा ना तिचा," त्या म्हणाल्या. "घाई कोनला हाय?"

हौसेरावांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि वेणूबाईंना शेवटी शेवटी काय खावंसं वाटलं होतं, तिथपासून सांगायला लागले.